कथेतले मौन रंगमंचावर

प्रश्न : माझी एक कथा आमच्या भागातील हौशी मुलांनी एकांकिका म्हणून सादर केली. गिरणी बंद झाल्याचे कळल्यावर आजोबा काही न बोलता जेवत राहतात, एवढाच कथेचा शेवट आहे. एकांकिकेत आजोबांनी कडक भाकरी मोडायला घेतली, त्या आवाजाने प्रेक्षक गप्प झाले आणि लगेच करुण सनई वाजू लागली. ही माझी कथाच नव्हे, असे मला वाटले. कलाप्रकार बदलला की भावनाही बदलते का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : बदलते, आणि तशी ती बदलावीच लागते. आपल्या शहरातील चादरीचेच पाहा. कागदावर पेन्सिलीने काढलेला मोर जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागावर जाण्याआधी चौकटींच्या कागदावर उतरवावा लागतो. तिथे वळणदार रेघेच्या पायऱ्या होतात आणि केसासारखी बारीक रेघ तर विणीत टिकतच नाही. म्हणून जाणता नक्षीकार पिसे कमी करतो, मान थोडी जाड करतो, पण मानेचा डौल सोडत नाही. जवळून पाहिले तर ती मान खडबडीत दिसते. चादर पलंगावर अंथरली की तीच मान वळलेली दिसते.

शाहीर राम जोशी आपल्याच गावचे. त्यांची लावणी पुस्तकात वाचताना आपण ओळ एकदा वाचून पुढे जातो. बैठकीच्या लावणीत गाणारी तीच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर खेपेला नजरेने, भुवईने, बोटांच्या हालचालीने तिचा निराळा अर्थ दाखवते. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक (शरीराच्या हालचालींचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (मनातून उमटणाऱ्या भावांचा) असे चार प्रकार सांगितले आहेत. कथा लिहिताना आपल्या हाती मात्र केवळ शब्द होते. आपण ‘आजोबा जेवत राहिले’ असे लिहून थांबलात आणि उरलेली शांतता वाचकाने आपल्या मनाने भरून काढली. रंगमंचावर नट समोर बसलेला असतो, त्याला ती शांतता हातांनी, श्वासाने आणि ताटातल्या वस्तूंनी उभी करावी लागते.

म्हणून भाकरीच्या आवाजाबद्दल मी त्या मुलांच्या बाजूने आहे. तो आपल्या कथेत नव्हता, तरी तो आपल्या वाक्याचेच काम करत होता, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असे तो करत होता. सनईबद्दल मात्र आपली तक्रार अगदी योग्य आहे. प्रेक्षक स्वतःहून ज्या दुःखापाशी पोहोचले होते, ते तिने त्यांना पुन्हा समजावून सांगितले, आणि आपल्या कथेतले मौन मोडले ते त्या क्षणी. पुढच्या प्रयोगापूर्वी मुलांना एक तालीम सनईशिवाय करायला सांगा, आणि आपण स्वतः शेवटच्या रांगेत बसून ती ऐका.