ब्योमकेशच्या बिऱ्हाडातला अजित

मागील अंकात दूरदर्शनवरील जुन्या रहस्यमालिकांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी पत्रे पाठवली, आणि त्यांतील बहुतेकांना बोलायचे आहे ते बासू चटर्जी दिग्दर्शित ‘ब्योमकेश बक्शी’ या मालिकेविषयी. शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या बंगाली कथांवर आधारलेली ही मालिका प्रथम १९९३ मध्ये आणि पुढील भागांसह १९९७ मध्ये प्रक्षेपित झाली. रजित कपूर ब्योमकेश झाले आणि के. के. रैना त्याचा मित्र अजित. पत्रलेखकांपैकी फारच थोड्यांनी रहस्यांबद्दल विचारले आहे. बाकी सर्वांचे कुतूहल या दोन मित्रांविषयी आणि त्यांच्या स्वभावांविषयी आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पुढील उत्तरांत काही कथांचे शेवट उघड झाले आहेत, ही सूचना आधीच देऊन ठेवतो.

प्रश्न (देवगड, एक निवृत्त शिक्षक): अजितला एकही गुन्हा स्वतःहून उलगडता येत नाही. मग ब्योमकेशला त्याची गरज काय? आमच्या वाचनालयातील मंडळींचे म्हणणे असे की, प्रेक्षकांच्या मनातील प्रश्न विचारण्यासाठी लेखकाने त्याला केवळ सोय म्हणून उभे केले आहे.

उत्तर: रहस्यकथेत असा प्रश्न विचारणारा माणूस लागतो, हे आपल्या वाचनालयातील मंडळींचे म्हणणे खरे आहे, परंतु अजित तेवढ्यावर थांबत नाही, आणि याचा सर्वांत चांगला पुरावा कोळ्याच्या विषाच्या कथेत सापडतो. नंददुलाल नावाचे एक वृद्ध गृहस्थ टॅरेंटुला जातीच्या कोळ्याच्या विषारी रसाची नशा करतात. घरच्यांनी कडक पहारा ठेवूनही तो रस त्यांच्यापर्यंत कसा पोहोचतो, हे कोणालाच कळत नाही. ब्योमकेश दुसऱ्या एका प्रकरणात गुंतलेला असल्यामुळे तो स्वतः जात नाही, अजितला पाठवतो. अजित त्या घरात जातो, खोली पाहतो, म्हातारा कसा बसतो, काय लिहितो, लिहिताना काय करतो हे सारे नीट ध्यानात ठेवतो आणि परत येऊन सांगतो. ब्योमकेश घरी बसून ऐकतो आणि उत्तर देतो की रस शाईत आहे, आणि लिहिता लिहिता लेखणी जिभेला लावणे हीच त्या म्हाताऱ्याची युक्ती आहे.

आता असे पाहा की, अजितच्या निरीक्षणात जरा जरी कसूर झाली असती, लेखणी तोंडात घालण्याची ती क्षुल्लक लकब सांगण्याजोगी नाही असे वाटून त्याने ती गाळली असती, तर ब्योमकेशची सारी बुद्धी वाया गेली असती. अजितला अर्थ लावता येत नाही, पण पाहता येते, आणि पाहिलेले जसेच्या तसे मांडता येते. तो व्यवसायाने लेखक आहे हे शरदिंदूंनी उगाच ठरवलेले नाही. ब्योमकेश त्याच्या डोळ्यांवर विसंबतो. हुशार माणसाने दुसऱ्याच्या पाहण्यावर विश्वास टाकणे ही सोपी गोष्ट नव्हे, हे आपल्यासारख्या शिक्षकांना मी सांगायला नको.

यांची मैत्री जमते कशी, तेही विसरू नये. ‘सत्यान्वेषी’ या कथेत कोलकात्यातील एका मेसमध्ये अतुलचंद्र मित्र या खोट्या नावाने ब्योमकेश येतो. जागा शिल्लक नसते. तेव्हा अजित आपल्या खोलीत त्याला सामावून घेतो. ओळख नाही, पाळख नाही, केवळ माणूस अडला आहे म्हणून. मुंबईला गिरणगावातील एकेका खोलीत गावची दहा-बारा माणसे कशी राहत असत हे ज्या कोकणी घरांनी पाहिले आहे, त्यांना या प्रसंगाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पुढे त्या मेसमध्ये खून होतो, अतुललाच अटक होते, त्याचे खरे नाव आणि खरे काम उघड होते, आणि सर्व निस्तरल्यावर ब्योमकेश अजितला हॅरिसन रोडवरील आपल्या घरी राहायला बोलावतो. म्हणजे आसरा आधी अजितने दिला आहे. पुढे बिऱ्हाड ब्योमकेशचे असले तरी त्यात अजित आश्रितासारखा वावरत नाही, त्याचे मूळ मला या पहिल्या प्रसंगात दिसते.

प्रश्न (हर्णै, एक वाचक): ‘रास्ते का काँटा’ हा भाग लागला होता त्या रात्री नेमक्या शेवटाला आमच्याकडची लाइट गेली. त्यानंतर तो भाग पुन्हा पाहण्याचा योग आला नाही. खून कसे होत होते आणि अजितला रस्त्यावर का उभे केले होते, एवढे सांगावे.

उत्तर: खुनी सायकलवरून येत असे. सायकलच्या घंटीत स्प्रिंगची करामत होती. घंटी वाजवली की तिच्यातून ग्रामोफोनची पिन सुटून समोरच्या माणसाच्या काळजात शिरे, आणि पिन सुटल्याचा आवाज घंटीच्या आवाजात बुडून जाई. वाटेतील काटा दूर करायचा असेल तर अमुक वारी, अमुक वेळी व्हाइटवे लेडलॉच्या दुकानाजवळील दिव्याच्या खांबाला टेकून उभे राहावे, अशी वर्तमानपत्रातील छोटी जाहिरात हे त्याचे गिऱ्हाईक मिळवण्याचे साधन होते. ब्योमकेशने अजितला त्या खांबाशी गिऱ्हाईक म्हणून उभे केले, आणि गर्दीत त्याच्या खिशात एक पाकीट येऊन पडले. पाकिटातील सूचनेप्रमाणे रात्री रेसकोर्सच्या रस्त्यावर जायचे होते. तेथे दोघेही गेले, पण दुरून एकच माणूस दिसावा म्हणून अजित ब्योमकेशच्या अगदी पाठीशी चिकटून चालला. छातीवर कपड्यांआड चिनी मातीची बशी बांधलेली होती. पिन बशीवर आपटली आणि खुनी सापडला.

आपला शेवट हुकला हे वाईट झाले, कारण दोघांच्या मैत्रीचा याहून चांगला प्रसंग मालिकेत क्वचितच असेल. आपण नेमके कशासाठी उभे राहत आहोत हे अजितला पूर्णपणे सांगितलेले नसते. ब्योमकेश पत्ते झाकून खेळतो आणि अजितला त्याचा राग येतो. तो कुरकुरतो, चिडतो, आणि तरी जातो. आंधळ्या भक्तीपेक्षा अशी कुरकुरत केलेली सोबत मला अधिक खरी वाटते, आणि रैना यांनी ती चीड चेहऱ्यावर नेमकी आणली आहे.

प्रश्न (गुहागर, एक गृहिणी): ब्योमकेशचे सत्यवतीशी लग्न होते, आणि तरीही अजित त्यांच्याच घरी राहतो. माझ्या सासूबाई मालिका पाहताना दर वेळी म्हणत, “ह्या अजितला स्वतःचे घर नाही काय?” लग्नानंतरही ही मैत्री तशीच टिकते, हे आपल्याला पटते का?

उत्तर: आपल्या सासूबाईंचा प्रश्न अत्यंत रास्त आहे, आणि मालिकेच्या बऱ्याच चाहत्यांनी तो स्वतःला विचारलेला नाही याचे मला नवल वाटते. शेरलॉक होम्सच्या कथांत लग्न होते ते मित्राचे, म्हणजे वॉटसनचे. होम्स अविवाहित राहतो, वॉटसनला दुसरीकडे बिऱ्हाड करावे लागते आणि काही काळ दोघांची गाठभेट विरळ होते. शरदिंदूंनी हे उलटे केले. इथे सत्यशोधक संसारी होतो आणि त्याच्या कथा सांगणारा मित्र अविवाहित राहतो. या एका बदलाने मैत्रीचे सगळे स्वरूप पालटते. दोन ब्रह्मचाऱ्यांच्या खोलीत जे चालते ते बिऱ्हाडात चालत नाही. तिथे चहा किती वेळा होणार, सिगारेटी किती ओढायच्या, कोणी कधी जेवायला बसायचे यावर तिसऱ्या माणसाचा अधिकार सुरू होतो.

सत्यवती या घरात येते तीही हक्काने. ‘अर्थमनर्थम्’ या कथेत तिच्या भावावर खुनाचा आळ येतो आणि ती ब्योमकेशकडे त्याच्यासाठी दाद मागते. मनातून घाबरलेली असूनही ती मोडून पडत नाही. आपल्या सुकन्या कुलकर्णी यांनी ही भूमिका केली. मराठी प्रेक्षकांनी सत्यवतीला चटकन आपली मानले, त्यात याचा वाटा असणारच, पण तेवढेच कारण नाही. तिच्या बोलण्यात नवऱ्याच्या कीर्तीचे दडपण कुठेच नाही, हे कारण मला अधिक मोठे वाटते. ‘चित्रचोर’ ही कथा सुरू होते तीच मुळी आजारातून उठलेल्या ब्योमकेशपुढे सत्यवती डाळिंबाच्या रसाचा पेला घेऊन उभी राहते तिथे, आणि अख्ख्या कोलकात्यातील गुन्हेगारांना धाक असलेला हा माणूस लहान मुलासारखी कटकट करतो. अशा वेळी अजित कोणाच्या बाजूचा? तो दोन्हीकडचा असतो. ब्योमकेशचा मित्र आणि सत्यवतीचा दीर असे दुहेरी नाते त्याला सांभाळावे लागते, आणि नवरा-बायकोच्या भांडणात त्याच्यामुळेच पुष्कळदा हसू फुटते.

हे पटते का, असे आपण विचारले आहे. मला पटते, कारण मत्सराचे कारण तिघांपैकी कोणाकडेच नाही. अजितचे लेखन त्याचे स्वतःचे आहे, ब्योमकेशचे काम अजितच्या हातून निसटणारे नाही, आणि सत्यवतीला घरात एकटे बसून वाट पाहण्याऐवजी बोलायला एक समजूतदार माणूस मिळतो. मात्र अजितच्या एकटेपणाकडे कथांनी आणि मालिकेने जवळजवळ पाठ फिरवली आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याला काय हवे होते, हे कोणी विचारत नाही. आपल्या सासूबाईंनी ते विचारले, याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांगावा.

प्रश्न (रत्नागिरी, महाविद्यालयीन विद्यार्थी): ब्योमकेश काही गुन्हेगारांना पोलिसांच्या हवाली करत नाही. हा त्याच्या चारित्र्यातील दोष मानावा की मोठेपणा?

उत्तर: दोन प्रकारची उदाहरणे वेगळी ठेवावीत. सीमंत हिऱ्याच्या कथेत सर दिगिंद्रनारायण हे शिल्पकार घराण्याचा हिरा लांबवतात आणि प्लास्टरच्या नटराजाच्या मूर्तीत दडवून सर्वांच्या नजरेसमोर ठेवतात. तिथे हिरा परत मिळवणे एवढेच काम ब्योमकेशला दिलेले असते आणि घराण्याला गाजावाजा नको असतो. त्यात पोलिसांना न बोलावणे हा व्यवहार आहे. परंतु फाळणीपूर्व दंगलींपासून स्वातंत्र्याच्या पहाटेपर्यंतचा काळ ज्या ‘आदिम रिपू’ कथेत येतो, तिच्यात खुनी कोण हे ठाऊक असूनही ब्योमकेश त्याला सोडून देतो. मेलेला माणूस दुष्ट होता आणि मारणारा परिस्थितीने गांजलेला होता, असा त्याचा हिशेब असतो.

हा हिशेब मला अस्वस्थ करतो. सत्य शोधणाराच न्यायही देऊ लागला, तर त्याला चूक दाखवणारा कोणी उरत नाही. ही चूक दाखवण्याची जागा खरे तर अजितची होती. रोजच्या क्षुल्लक बाबींत ब्योमकेशशी वाद घालणारा अजित अशा मोठ्या वेळी मात्र गप्प राहतो, आणि मला या मैत्रीतील उणे नेमके तिथे दिसते. तरीही हे लक्षात घ्या की ब्योमकेश असे निर्णय अजितपासून लपवत नाही. स्वतःच्या कृत्याला तो एक साक्षीदार ठेवतो, तोही लिहिणारा. ज्याला आपल्या वागण्याची लाज वाटते तो माणूस असे करणार नाही. दोष की मोठेपणा, हे आपण आपल्या मित्रांशी वाद घालून ठरवावे. मी दोषाकडे अधिक झुकतो.

प्रश्न (मालवण, एक वाचक): ‘करमचंद’मधील किटी आणि अजित यांत श्रेष्ठ सोबती कोण?

उत्तर: तुलना जुळत नाही. १९८५ च्या त्या मालिकेत पंकज कपूर यांचा गाजर खाणारा करमचंद आणि सुश्मिता मुखर्जी यांची किटी ही विनोदी जोडी होती. ‘शटअप किटी’ हे वाक्य त्या काळी घराघरांत ऐकू येई आणि ते ऐकताना कोणाला वाईट वाटत नसे, कारण किटीलाही ते लागत नसे. अजितला कोणी तसे म्हणून पाहावे. तो त्या दिवशी घरी जेवणार नाही.

प्रश्न (चिपळूण, एक वाचक): शरदिंदूंचा महाराष्ट्राशी संबंध होता असे ऐकले आहे, ते खरे का? आणि पुढच्या कथा अजित सांगत नाही, असे का वाटते?

उत्तर: पहिली गोष्ट पूर्णपणे खरी आहे. शरदिंदू १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या सुरुवातीच्या कथा १९३२ पासूनच्या. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे त्यांनी ब्योमकेशला हातही लावला नाही, आणि १९५१ च्या सुमारास ‘चित्रचोर’ लिहून त्याला परत आणले. म्हणजे कोलकात्याचे म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या ब्योमकेशच्या उत्तरार्धातील बहुतेक कथा पुण्यात लिहिल्या गेल्या. १९७० मध्ये शरदिंदूंचे निधन झाले तेव्हा बत्तीस कथा पूर्ण होत्या आणि तेहतिसावी अर्धवट राहिली होती.

दुसरे निरीक्षणही अचूक आहे. १९६४ च्या ‘रूम नंबर दोन’पासून निवेदनाची जबाबदारी लेखकाने अजितकडून काढून स्वतःकडे घेतली. त्याने कथांची बांधणी अधिक मोकळी झाली, कारण अजित हजर नसेल अशा ठिकाणीही लेखकाला जाता येऊ लागले. पण मित्राकडे मित्राने पाहण्याची ती किंचित चिडकी, किंचित कौतुकाची नजर गेली, आणि तिच्यावाचून ब्योमकेश मला थोडा कोरडा वाटतो. मालिका पाहून मूळ कथांकडे वळणाऱ्यांनी म्हणून आधी अजितने सांगितलेल्या कथा वाचाव्यात, आणि उरलेल्या त्यानंतर.