आत्याच सासू, मग रक्त कुणाचं?

«मावशी, माझं वय २७. लग्न आत्याच्या मुलाशी झालं, म्हणजे आत्याच माझी सासू. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा चादरींचा छोटा कारखाना आहे. मुलगी अकरा महिन्यांची आहे, तिला डाऊन सिंड्रोम आहे. रक्ताच्या रिपोर्टवर ‘४७, एक्सएक्स, +२१’ असं लिहिलंय. आत्या म्हणते, तिसऱ्या महिन्यात ग्रहणात वांगी चिरलीस म्हणून हे झालं. कधी म्हणते, आमच्या घराण्यात असलं काही नाही, तुझ्या आईकडूनच आलं. शेजारचे म्हणतात, नात्यात केल्यावर दुसरं काय होणार. नणंदेला बघायला पाहुणे आले की मला बाळाला घेऊन माडीवर बसायला लावतात. आता दुसऱ्या मुलाचा विषय निघालाय, तर म्हणतात आधी हिचं रक्त तपासा, मुलाचं नको. खोट नक्की कुणात आहे? दुसरं मूल होऊ द्यावं का? – माडीवरची आई»

पोरी, तुझ्या आत्याचं डोकं वकिलाचं आहे. तुझ्या वडिलांचं घराणं म्हणजे तिचं स्वतःचं माहेर. तिकडे बोट दाखवलं तर ते तिच्याकडेच वळणार, म्हणून तिने बरोबर तुझ्या आईला गाठलं.

पण रिपोर्ट कुणाच्याच माहेराबद्दल बोलत नाही. तो आधी वाचू. तुमच्या मागावर जेकार्डला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ चढवतात ना, त्या भोकांवरून चादरीवर मोर उमटतो. आपल्या प्रत्येक पेशीत अशा ४६ माळा असतात, त्या म्हणजे गुणसूत्रं. २३ आईकडून, २३ वडिलांकडून. तुझ्या लेकीत त्या ४७ आहेत. एक्सएक्स म्हणजे मुलगी. +२१ म्हणजे २१ नंबरची माळ दोनाऐवजी तीनदा आली. एकही पुठ्ठा फाटलेला नाही, एकही भोक चुकलेलं नाही. चांगलीच माळ एक जास्त चढली, आणि नक्षी काही ठिकाणी दाट विणली गेली. २१ नंबर सगळ्यांत लहान, त्यावर जनुकं, म्हणजे भोकं, कमी, म्हणून अशी मुलं जगतात, वाढतात. मोठ्या गुणसूत्रांत असा गोंधळ झाला तर गर्भ बहुतेक वेळा टिकतच नाही. सुरुवातीच्या महिन्यांत जे गर्भपात होतात, त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचीच चूक असते. म्हणजे हा घोळ निसर्गात सतत चालू असतो, आपल्याला दिसत नाही इतकंच.

(हे जास्तीचं गुणसूत्र १९५९ साली पॅरिसमधून जगासमोर आलं. पेशी वाढवायची खटपट केली मार्थ गोतिये या डॉक्टरबाईंनी, नाव झालं त्यांचे सहकारी जेरोम लेज्यून यांचं. दोष बाईला आणि श्रेय पुरुषाला, हे तिकडेही चुकलेलं नाही.)

आता ग्रहण. ही जास्तीची माळ स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होतानाच येते, म्हणजे गर्भ राहायच्याही आधी. तिसऱ्या महिन्यात तू वांगी चिरत होतीस तेव्हा बाळाच्या पेशींत ४७ कधीचीच होती. त्या दिवशी तू उपाशी झोपून राहिली असतीस तरी रिपोर्ट हाच आला असता.

शेजाऱ्यांचं निम्मं बरोबर आहे, पण चुकीच्या जागी. आते-मामे भावंडांत साधारण आठवा हिस्सा जनुकं आजी-आजोबांकडून सारखी आलेली असतात. त्यामुळे एकच लपलेला दोष दोघांतही असण्याची शक्यता वाढते. एरवी जोडप्यांना जन्मजात व्यंगाचा धोका शंभरात दोन-तीन, तर अशा जोडप्यांना साधारण दुप्पट. पण तो धोका थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारासारख्या दुखण्यांचा, जिथे माळेतलं भोकच चुकलेलं असतं. माळ जास्त चढणं नात्यातल्या लग्नाने होत नाही.

तुला खरं तेच सांगते, म्हणजे उद्या कुणी अर्धवट वाचून तोंडावर फेकणार नाही. दहातल्या नऊ वेळा तरी हे जास्तीचं गुणसूत्र स्त्रीबीजातून येतं. कारण असं की मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी बीजं तयार होतात आणि वर्षानुवर्षं अर्धवट विभागणीत थांबून राहतात. पुढे ती विभागणी पुरी होताना एखादी जोडी सुटत नाही. म्हणूनच वयाबरोबर धोका वाढतो, पस्तिशीला साधारण साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक. तुझं वय कमी होतं तरी झालं. हे कुणी करत नाही आणि कुणाला थांबवताही येत नाही. याला खोट म्हणायचं असेल तर पिकणाऱ्या केसालाही म्हणावं लागेल.

राहिली तुझी तपासणी. शंभरातल्या तीन-चार मुलांत जास्तीचं २१ दुसऱ्या गुणसूत्राला चिकटून येतं. तेव्हा रिपोर्टवर आकडा ४६ असतो, आणि आई-वडील दोघांचं रक्त तपासावंच लागतं, कारण हे दोघांपैकी कुणाकडूनही येऊ शकतं. तुझ्या लेकीच्या रिपोर्टवर ४७ आहे. म्हणजे या कारणासाठी तुझीही तपासणी नको आणि नवऱ्याचीही. नणंदेलाही यामुळे काही धोका नाही, तिच्या वयाच्या कुठल्याही मुलीला असतो तेवढाच. पाहुण्यांना हा कागद दाखवायचा सोडून बाळाला माडीवर लपवलं, तर लोक नसलेलं शोधणारच. पुढच्या वेळी बाळाला घेऊन खाली बस. हे नवऱ्याने आईला सांगायचं आहे, तू नाही. त्याला हे पत्र वाचायला दे.

दुसरं मूल? जरूर होऊ दे, तुम्हा दोघांना हवं असेल तर. पुन्हा असंच होण्याची शक्यता साधारण शंभरात एक आहे. आधी दोघांचीही थॅलेसेमियाची तपासणी करून घ्या, साधं रक्त लागतं. दोघंही वाहक (म्हणजे स्वतः ठणठणीत, पण दोष अंगात लपलेला) निघालात तर प्रत्येक बाळाला चारात एक धोका असतो, ते आधी कळलेलं बरं. दिवस राहिल्यावर अकरा ते तेरा आठवड्यांत एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी बघतात) आणि डबल मार्कर ही रक्ताची चाचणी. दहाव्या आठवड्यानंतर एनआयपीटी, म्हणजे आईच्याच रक्तातून चाचणी, हाही पर्याय आहे. या चाचण्या फक्त शंका सांगतात, खात्री गर्भजलाच्या तपासणीने होते, ती पंधराव्या आठवड्यानंतर. जनुकीय समुपदेशकाला एकदा दोघांनी मिळून भेटा. पुण्याला जावं लागलं तर हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री घरी.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, आणि फिजिओथेरपीचा खर्चही त्यात बसतो. ही मुलं उशिरा चालतात, स्नायू सैल असतात, म्हणून व्यायाम आत्ताच सुरू व्हायला हवा.

तू तीन पानं लिहिलीस, वर त्यातलं थोडंच छापलंय. आत्या, नणंद, वांगी, पाहुणे, सगळं आलं. बाळ चादरीच्या दशा मुठीत धरून ओढतं, हेही लिहिलंस. पण हृदयाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला का, थायरॉइड तपासलं का, कानांची तपासणी झाली का, यावर एक ओळ नाही. डाऊन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या मुलांना हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो, आणि वरून बाळ छान दिसलं तरी असू शकतो. थायरॉइड तर वर्ष पुरं होताना तपासायचंच असतं, म्हणजे पुढच्या महिन्यात. इको झाला नसेल तर या आठवड्यात करून घे, आणि रिपोर्टमध्ये काय आलं ते मला कळव.