पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला, म्हणजे सवाईला, एकच दिवस जायला मिळणार आहे. मोठे कलाकार रात्री असतात, तेव्हाच गेलं तर चालेल का?

नाही. सुरुवातीलाच जा. मंडप अर्धा रिकामा असतो तेव्हा जाऊन बसा, आणि पहिल्या कलाकाराचं नाव ऐकलेलं नसेल तर मुद्दाम बसा.

शेवटचे दोन ऐकले की महोत्सव झाला, असं मानणाऱ्यांत माझा सख्खा मोठा भाऊ आहे. यावरून आमचं वर्षानुवर्षं वाजतं. पहिल्या सत्रात आयोजक नुसती वेळ भरून काढतात, असं तो म्हणतो. मी तानपुऱ्याच्या साथीला बसते, त्यामुळे कोण कधी उठून जातं ते मला मंचावरून दिसतं.

सवाईतली नाही, एका तालुक्याच्या गावच्या महोत्सवातली गोष्ट सांगते. मी जिच्या साथीला होते त्या गायिकेला, आमच्या बाईंना, चारची वेळ दिली होती. मुलतानी हा दुपारचा राग ठरला होता, तानपुरे पंचमात, म्हणजे 'प'मध्ये, लावून तयार होते. दीपप्रज्वलन, सत्कार, पाहुण्यांची भाषणं यांतच दिवस कलला. मंचावर चढताना बाई म्हणाल्या, "मुलतानीची वेळ गेली गं. मारवा गाते." मारवा दिवेलागणीचा, आणि त्यात पंचम नाही. म्हणजे दोन्ही तानपुऱ्यांची पहिली तार चढवून निषादावर, म्हणजे 'नि'वर, आणायची, तार घुमावी म्हणून तिच्याखाली असतो तो जवारीचा दोरा पुन्हा बसवायचा, आणि हे सगळं ध्वनिक्षेपक चालू असताना, लोकांसमोर. उघड्या मैदानात संध्याकाळच्या गारव्यानं तारा सुरातून हलतात, एकदा लावून भागत नाही. समोरून टाळ्या सुरू झाल्या, त्या कौतुकाच्या नव्हत्या.

मग गाणं सुरू झालं. मारव्यात षड्जावर, म्हणजे 'सा'वर, विसावायचं टाळतात. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत, म्हणजे 'रे' आणि 'ध', यांवर सगळं अधांतरी ठेवतात. विलंबित, म्हणजे संथ, एकतालाची आवर्तनं, तालाचे फेरे, लांबलचक. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनालाच ओळीच्या ओळी चहाला उठल्या. राग उभा राहतो तो नेमका तिथेच, आणि लोक पाठ फिरवून चालले होते. मागे उरले ते संगीत वर्गातली काही मुलं, एक वयस्क जोडपं आणि बंदोबस्ताला असलेला एक पोलीस, बांबूला टेकून उभा. खूप वेळानं बाई षड्जावर येऊन थांबल्या, तेव्हा पहिली "आहा" त्या पोलिसाकडून आली. त्याला मारव्याचा थाट, म्हणजे स्वरांची चौकट, माहीत असेल असं मला वाटत नाही. पण तो सुरुवातीपासून उभा होता. नुसता तो षड्ज ऐकून काहीच होत नाही, आधीचं सगळं तहानेनं ऐकलेलं असावं लागतं.

भाऊ साडेआठला आला. मोठ्या गायकाच्या द्रुत ताना ऐकल्या, भारावला. बाईंच्या मारव्याबद्दल सांगितलं तर म्हणाला, "मारवा कंटाळवाणाच असतो." न ऐकता!

आता सवाईबद्दल. १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या, रामभाऊ कुंदगोळकर म्हणजेच सवाई गंधर्व यांच्या स्मृतीसाठी हा महोत्सव सुरू केला. पूर्वी तो रात्रभर चालायचा. ध्वनिक्षेपकाचा रात्री दहाचा नियम आला आणि मध्यरात्रीनंतरचे राग मंडपातून जवळजवळ गेले. जुनी मंडळी त्याचं दुःख करतात, ते खरंच आहे. पण त्याच नियमामुळे कार्यक्रम दुपारी सुरू होऊ लागला, आणि भीमपलास, पटदीप, मुलतानी, पूरिया यांना हक्काची वेळ मिळाली. हे राग ऐकायचे तर दुपारी आणि दिवेलागणीलाच. रात्री येणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाहीत. म्हणून तुम्ही वेळापत्रक बघून सर्वांत लवकर सुरू होणारा दिवस निवडा, बहुधा रविवारच असतो. महोत्सवाच्या शेवटी सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लावतात, रविवार शेवटचा दिवस असला तर तीही त्याच दिवशी ऐकायला मिळेल.

भारतीय बैठकीचं तिकीट काढा, पण गुडघे दुखत असतील तर खुर्चीच घ्या, त्यात कमीपणा नाही. शाल हवीच, डिसेंबरात रात्री मैदान गार पडतं. उठायचं तर दोन कलाकारांच्या मधे उठा, विलंबितात नाही. कळत नाही म्हणून घाबरू नका. सलग बसा, तिसऱ्या कलाकारापर्यंत कान तयार होतो.

नोकरी, लहान मूल, लांबचा प्रवास यांमुळे रात्रीच जमणार असेल तर अर्थातच रात्री जा, घरी बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं. माझा राग अशांवर नाही. ज्यांना दुपारी जमतं, तरी जे येत नाहीत आणि वर पहिल्या सत्राला नावं ठेवतात, त्यांच्यावर आहे. भावाची कचेरी शनिवार-रविवार बंद असते.