जुनी बुली आणि लांबच्या मैफली : वाचकांचे प्रश्न

आम्ही चार मित्रांनी मिळून १९७४ ची फोक्सवॅगन टी-२ वेस्टफालिया, म्हणजे आत झोपायची सोय असलेली ‘बुली’ व्हॅन, घेतली आहे. इंजिन हवेवर थंड होणारं, १६०० सीसीचं. उन्हाळ्यात जर्मनीतल्या वाकेनच्या मेटल संगीत महोत्सवाला जायचा बेत आहे. विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे इंजिन उत्तम आहे, म्हणून आधी रंग आणि पडदे उरकावेत असं वाटतं. योग्य आहे का? (स्टुटगार्ट)

नाही. आधी पेट्रोलच्या रबरी नळ्या, मग ब्रेक, मग इंजिन. रंग सगळ्यात शेवटी. या गाड्या गंजून जातात त्या हळूहळू, जळतात मात्र काही मिनिटांत. इंजिनाचं आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. ते एकदा पेटलं की पाण्याने आग उलट भडकते.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर आतून चिरतं, वरून मात्र धड दिसतं. त्यामुळे नळी चांगली दिसते की वाईट हे बघत बसू नका, सगळ्या बदला. घेताना ‘आर ९’ प्रतीची (इथेनॉल सोसणारी) घ्या आणि प्रत्येक टोकाला क्लिप लावा. टाकीखालचा तुकडा बदलायला सहसा इंजिन उतरवावं लागतं. म्हणूनच तो वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि फुटतोही तोच. पेट्रोलचा फिल्टर डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाच्या) वर लोंबकळत असेल तर तिथून काढून खाली गिअरबॉक्सजवळ बसवा. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल शिरतं ती पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. बोटांनी ओढून पाहा. जरा जरी हलली तरी गाडी रस्त्यावर काढू नका.

इंजिन उतरवलंच आहे तर पट्टा काढून क्रँकची पुली (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरचं चाक) पुढेमागे हलवा आणि डायल गेजने खेळ, म्हणजे सैलपणा, मोजा. ०.०७ ते ०.१३ मि.मी. ठीक. ०.१५ च्या पुढे गेला तर आवरण उघडावं लागेल, विकणारा काहीही म्हणो.

ब्रेक सोडल्यावरही एखादं चाक गरम राहत असेल तर बहुधा तिथली रबरी नळी आतून फुगलेली असते. दाब जातो, परत येत नाही. नळ्या बदला आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी नवं भरा.

तासभर मोटरवेवर चाललं आणि सिग्नलला थांबलं की तेलाचा दिवा लुकलुकतो. मोठा ऑइल कूलर बसवावा का? (लेस्टर)

ॲक्सिलरेटरला नुसता स्पर्श केल्यावर दिवा विझत असेल तर तेल तापून पातळ झालंय, एवढाच त्याचा अर्थ. तोच दिवा धावत्या गाडीत लागला तर तिथल्या तिथे इंजिन बंद करा.

कूलरवर पैसे घालण्याआधी हवा कुठून जाते ते बघा. इंजिनाभोवती, पत्र्याच्या कडेने, एक रबरी पट्टी असते. ती फाटली किंवा कोणी काढून टाकली असली की खालची तापलेली हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. इंजिनाभोवतालचे पत्रे लोकांना फालतू वाटतात, पण ते नसतील तर पंखा फिरून उपयोग नाही. कूलरच्या पात्यांमध्ये तेल आणि धूळ साचली असेल तर तीही साफ करा.

मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून, ३,५०० आरपीएमला स्ट्रोब लाइटखाली एकूण ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते) २८ ते ३२ अंशांत हवा. त्याहून जास्त झाला की सिलिंडरची हेड तापतात.

तेल साधारण अडीच लिटर मावतं आणि दर ५,००० कि.मी.ला बदलायचं. मूळ इंजिनाला कागदी फिल्टर नाही, खाली फक्त जाळी आहे. ती दर वेळी धुवून दोन्ही गॅस्केट नवी घाला. झाकणाचे छोटे नट ७ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळू नका, मऊ आवरणातून स्टड उपटून येतात.

तेल बदलताना व्हॉल्व्हचा खेळही बघायचा, पण इंजिन रात्रभर थंड झाल्यावरच. माप ०.१५ मि.मी. पहिल्या सिलिंडरपासून सुरुवात करा आणि पुली दर वेळी अर्धा फेरा उलटी फिरवत दुसरा, तिसरा, चौथा. आकडे वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा खेळ दर खेपेला कमी भरत असेल तर दांडा ताणला जातोय. पुढची पायरी म्हणजे त्याचं डोकं तुटून पिस्टनवर पडणं. जुन्या रचनेत ऑइल कूलर याच सिलिंडरच्या हवेच्या वाटेत होता, त्यामुळे बिचारा सगळ्यात जास्त तापतो.

आणि चार्जिंगचा लाल दिवा लागला तर ‘बॅटरी आहे, पुढच्या सर्व्हिसपर्यंत जाऊ’ हा हिशेब मुळीच करू नका. डायनॅमो किंवा आल्टरनेटर (वीज बनवणारं यंत्र) आणि पंखा एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला की थंड करणं थांबलं. अंगठ्याने दाबल्यावर तो सुमारे १५ मि.मी. दबला पाहिजे. सैल असेल तर पुलीच्या दोन भागांमधली एखादी चकती काढून बाहेरच्या बाजूला लावा. जादा पट्टा आणि पुलीचा पाना गाडीत हवाच.

तरीही तापत असेल तर मोठ्या कूलरचा विचार करा. बहुतेकदा ती वेळ येत नाही.

तीन दिवसांच्या महोत्सवात फ्रिज, दिवे आणि चार फोन चालवायला केवढी बॅटरी लागेल? (हॅम्बुर्ग)

४५ वॉटचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसातला साधारण ४० टक्के वेळ चालतो असं धरा : दिवसाला ३६ अँपिअर-तास. एलईडी दिव्यांचे चार, फोनचे पाच. म्हणजे रोज ४५. शंभर अँपिअर-तासांची एजीएम (शिसं-आम्लाची, बंद) बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणून ती जेमतेम एक दिवस पुरेल. तेवढीच लिथियम दोन दिवस. तिसऱ्या दिवसासाठी छतावर १०० वॉटचं सौर पॅनल टाका, नाहीतर फ्रिज घरी ठेवून बर्फाची पेटी घ्या. चार जणांच्या बिअरला आम्ही पेटीच सुचवू.

लिथियम बॅटरी थेट आल्टरनेटरला जोडू नका. ती इतका करंट खेचते की जुना आल्टरनेटर तापून जळतो. मध्ये करंट मर्यादेत ठेवणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवा आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ फ्यूज घाला.

हीटर लावला की आत धुराचा वास येतो आणि डोकं जड होतं. (म्युनिक)

हीटर आजपासून बंद. यात एक्झॉस्टभोवतीच्या हीट एक्स्चेंजरमधून हवा तापून आत येते. आतली नळी गंजून भोक पडलं की कार्बन मोनॉक्साइड सरळ केबिनमध्ये. एक्स्चेंजर बदला, त्याचे गॅस्केटही. झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि ऊब मिळावी म्हणून गॅसची शेगडी कधीही पेटवू नका. जर्मनीत गॅसच्या यंत्रणेची दर दोन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते. निघण्याआधी तिची तारीख बघून घ्या.