मेंदूचे फोटो काढायला निघालेल्या विद्यार्थिनीस

सोलापूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एम.एस्सी. फिजिक्स संपवून क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी (नमुना गोठवून इलेक्ट्रॉनच्या झोताने पाहायचं तंत्र) शिकायची आणि स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांच्या मेंदूतले रेणू पाहायचे, हा बेत मला आवडला. फक्त पत्रभर यंत्रच यंत्र आहे. मेंदू ज्याचा, त्या माणसाबद्दल एक ओळसुद्धा नाही. जन्मभर पॅथॉलॉजी शिकवलेल्या माणसाला ते खटकणारच.

यंत्राचं वेड लागावं असंच ते आहे, हे कबूल. मे महिन्यात आपण इथे ४४ अंशांत भाजून निघतो, आणि तिकडे उणे १८० अंशांच्या आसपास पाणी इतक्या झटक्यात गोठवतात की त्याला बर्फाचे स्फटिक बनवायला सवडच मिळत नाही, त्याची काच होते. या तंत्राच्या उभारणीसाठी द्युबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी केंब्रिजच्या गटाने अल्झायमरच्या रोग्याच्या मेंदूतून टाऊ प्रथिनाचे तंतू काढून त्यांची रचना जवळजवळ अणूंपर्यंत उलगडली. पुढच्या काही वर्षांत कळलं की पिक्स डिसीज या दुसऱ्या स्मृतिभ्रंशात हेच टाऊ वेगळ्या घडीत दुमडतं, आणि डोक्याला वारंवार मार बसून होणाऱ्या विकारात आणखी वेगळ्या.

इथे सोलापूरकराच्या जिभेवर चादर येणारच: सूत तेच, नक्षी वेगळी. तू ही उपमा वापरू नकोस. चादरीतलं सूत शेजारच्या सुताला आपल्यासारखं वळण घ्यायला लावत नाही. टाऊचा तंतू लावतो. नवा रेणू येऊन टोकाला चिकटतो आणि तीच घडी घेतो. आजार मेंदूत पसरतो कसा, याचा धागा तिथे असावा असं बरेच जण मानतात.

ते तंतू ऊतकातून वेगळे काढून पाहिले होते. लीड्सच्या गटाने २०२४ मध्ये, दान मिळालेल्या मेंदूच्या गोठवलेल्या कापात ते जागेवरच पाहिले: टाऊचे तंतू समांतर जुड्यांमध्ये, आणि अमायलॉइड या दुसऱ्या प्रथिनाच्या साचलेल्या चकत्यांमध्ये त्याच्या तंतूंसोबत पेशींच्या पटलांचे अवशेष. तुला जायचंय ते इथेच. म्हणून आता या चित्रांच्या खोड्या ऐक.

असा काप जेमतेम १०० ते २०० नॅनोमीटर जाडीचा. तो यंत्रात साधारण ६० अंशांपर्यंतच दोन्ही बाजूंना कलवता येतो, त्यामुळे उरलेल्या कोनांची माहिती मिळतच नाही आणि चित्र एका दिशेने ताणलेलं दिसतं. जे लांबट दिसेल ते खरंच लांबट असेल असं नाही. दुसरं, इलेक्ट्रॉन नमुना जाळतात. म्हणून मारा कमी ठेवायचा, म्हणजे चित्र खरखरीत, म्हणजे हजारो तुकड्यांची सरासरी काढायची. मेख तिथेच आहे. निव्वळ खरखरीचे तुकडे आइन्स्टाइनच्या फोटोशी जुळवून घेत सरासरी काढली, तर आइन्स्टाइनचा चेहरा उमटतो! आपल्याला जे दिसावंसं वाटतं ते संगणक आज्ञाधारकपणे काढून देतो. या चित्रांमागचं गणित म्हणजे फुरिए रूपांतर; ते परीक्षेपुरतं शिकली असशील तर पुन्हा शीक, यावेळी हाताने.

आता तो माणूस. ज्याच्या नावाने हा रोग ओळखला जातो, त्या डॉक्टर अल्झायमरने १९०६ मध्ये जर्मनीत ट्युबिंगनला त्याबद्दल भाषण केलं ते नुसत्या स्लाइडच्या जोरावर नव्हे. ऑगुस्टे डेटर या बाईंना तो १९०१ पासून ओळखत होता, फ्रँकफुर्टच्या इस्पितळात त्याने विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहून ठेवलेली होती. त्या वारल्यावर मेंदूवर चांदीची प्रक्रिया केली, तेव्हा गाठी (टाऊच्या) नि चकत्या (अमायलॉइडच्या) दिसल्या. टिपणं नसती तर त्या गाठींचा अर्थ कोणी लावला असता? आजही मेंदूत भरपूर चकत्या असून शेवटपर्यंत हिशेब चोख ठेवणारी म्हातारी माणसं सापडतात. चकत्यांपेक्षा टाऊचा पसरलेपणा आणि नष्ट झालेले सिनॅप्स, म्हणजे मज्जापेशींमधले सांधे, यांचा लक्षणांशी जास्त मेळ बसतो. आणि 'स्मृती' म्हणजे तरी एकच का? आपल्याकडच्या एखाद्या विडी कामगार आजींना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण सूप मांडीवर दिलं की विडी वळली जाते, असं होऊ शकतं. रेणू पाहण्याआधी ते हात पाहा.

म्हणून माझं ऐकायचं असेल तर अर्ज वर्षभर पुढे ढकल. तेवढा वेळ हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे ऊतकांचे काप तपासण्याच्या, टेबलावर काढ. फॉर्मॅलिनचा वास, पॅराफिनचे ब्लॉक, काप घेणाऱ्या मायक्रोटोमची बोथट पाती. घडी पडलेला काप नवखा माणूस 'शोध' समजतो. तू एकदा स्वतः घडी पाड आणि पाहा. मृत्यूनंतर मेंदू किती तासांनी हाती आला, याने काय काय बिघडतं तेही तिथेच कळेल. 'टेक्निशियनचं काम' म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांच्या स्लाइड मी तपासल्या आहेत.

नंतर बेंगळुरू. दान मिळालेले मेंदू जपणारी बँक निम्हान्स या मेंदू-मनोरोगांच्या संस्थेत आहे आणि क्रायो मायक्रोस्कोप एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात; एका शहरात दोन्ही, आणि आपल्या स्टेशनवरून उद्यान एक्स्प्रेस थेट जाते. परदेशाचं मागाहून बघू. बँकेत गेलीस तर आधी मशीन नको, दानपत्राचा फॉर्म मागून वाच. नातेवाईकांना काय विचारतात, काय सांगतात, ते नीट बघ.

मायक्रोटोमसाठी कोणाशी बोलायचं ते मी बघतो. रविवारी ऊन उतरल्यावर घरी ये, येताना फुरिएची वही आण. आईबाबांना नमस्कार.

तुझे सर