दंडाचा रकाना

नाशिक

चि. मॅनेजरसाहेब,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी नियमावली वाचली. चार पानं, छत्तीस कलमं, वर ठळक अक्षरांत 'एनएचएलच्या धर्तीवर'. उत्तर अमेरिकेतल्या त्या बर्फावरच्या हॉकी लीगमधल्या व्यावसायिक संघांची शिस्त आपल्या रोलर हॉकीच्या पोरांना लावावी असं वाटण्यात गैर काही नाही. पण तू त्यांच्याकडून नियम उचललेस आणि नियम मोडल्यावरचा हिशोब तिथेच सोडून आलास. छत्तीसपैकी एकाही कलमापुढे मोडल्यास काय होणार ते लिहिलेलं नाही. 'कडक कारवाई करण्यात येईल' हे वाक्य सरकारी फलकावर शोभतं. पंधरा वर्षांच्या पोराला त्यातून एवढंच कळतं की तुझं अजून काहीच ठरलेलं नाही.

आधी कात्री चालव. दाढी, केस, कानातली बाळी, प्रवासातले कपडे ही सगळी कलमं काढ. लू लॅमोरिएलोचं उदाहरण तू देणार हे मला माहीत आहे. न्यू जर्सी डेव्हिल्सचा जनरल मॅनेजर असताना त्यानं खेळाडूंना दाढी ठेवू दिली नाही आणि १९९५, २००० आणि २००३ असे तीन स्टॅनली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकले. पण खेळाडूंचे करार, अदलाबदल, प्रशिक्षकाची नेमणूक हे सगळं त्या माणसाच्या हातात होतं. तुझ्या हातात सिडको आणि सातपूरहून सायकलीवर येणारी मुलं आहेत, आणि ती उद्या येणं बंदही करू शकतात. शिवाय कोट-टायची सक्ती एनएचएलच्या खेळाडूंच्या सामूहिक करारात वर्षानुवर्षं होती, ती २०२५ मध्ये ठरलेल्या नव्या करारात काढून टाकली. त्यांनी सोडलेलं तू कशाला धरतोस?

ठेवायचा पहिला नियम वेळेचा. 'वेळेवर यावे' असं लिहू नकोस, दोन वेळा लिही. हजेरी ५.३०, रिंकवर ५.५०. मधली वीस मिनिटं स्केटच्या नाड्या, चाकं-बेअरिंग बघणं आणि पॅड बांधणं यांची. एकच वेळ दिलीस तर अर्धी मुलं त्या वेळेला फाटकात असतात आणि सराव सहा वाजता सुरू होतो. त्यापुढे दंड लिही. पहिल्यांदा उशीर झाला तर त्या दिवशीच्या सराव सामन्यात बाहेर. महिन्यात दुसऱ्यांदा झाला तर पुढच्या सामन्याचा पहिला भाग बाकावर. तिसऱ्यांदा झाला तर संघाबाहेर. 'सर, द्वारका चौकात अडकलो' हे रोज ऐकायला मिळेल. द्वारकेची कोंडी नाशिकमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच ती सबब धरू नकोस. बाहेरगावच्या सामन्याला मात्र नियम थोडा वेगळा. अठराखालच्या मुलाला रस्त्यात सोडून बस हलवायची नाही. घरी फोन करून पालकाच्या ताब्यात आहे याची खात्री झाली की निघायचं. पंचवटी एक्स्प्रेसनं जाणार असलास तर प्रश्नच नाही, ती तुझ्या स्ट्रायकरसाठी थांबत नाही.

खरी परीक्षा होते ती सगळ्यात चांगला खेळणारा उशिरा येतो त्या दिवशी. डिसेंबर २०११ मध्ये बोस्टन ब्रुइन्सचा टायलर सेगिन विनिपेगला जाग न आल्यामुळे सकाळच्या बैठकीला पोहोचला नाही. त्या वेळी संघात सर्वाधिक गुण त्याचेच होते, तरी त्या रात्रीच्या सामन्यात त्याला बाहेर बसवलं. हे तुला जमणार नसेल तर तो नियम आजच खोड. राखीव खेळाडूला लावलेला आणि स्टारला माफ केलेला नियम मुलं तुझ्या तोंडावर बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात.

पैशाचा दंड लावू नकोस. पालकांच्या खिशातून जाणाऱ्या पन्नास रुपयांनी मुलाला काही कळत नाही, घरी भांडण तेवढं होतं. कोट्यवधी कमावणाऱ्यांच्या लीगमध्येसुद्धा दंडाला कमाल मर्यादा आहे. २०१३ च्या करारानं मैदानावरच्या चुकीसाठी लीगनं करायचा दंड जास्तीत जास्त अर्ध्या दिवसाच्या पगाराइतका ठेवला, आणि पहिल्या वेळी तोही दहा हजार डॉलरच्या वर नाही. निलंबनात कापलेला पगार अडचणीतल्या खेळाडूंसाठीच्या मदतनिधीत जातो. शिक्षेतून कार्यालयाची कमाई होऊ लागली की शिक्षेचा हेतू संशयास्पद होतो. तुझ्याकडे खेळाचा वेळ हे एकच चलन आहे, तेच वापर.

शिक्षेची रीतही ठरवून ठेव. २०११ मध्ये लीगनं खेळाडू-सुरक्षा विभाग काढला, ब्रेंडन शॅनहान त्याचा पहिला प्रमुख. तिथे निलंबनाआधी खेळाडूचं म्हणणं ऐकतात. सहा किंवा अधिक सामन्यांचं निलंबन करायचं असेल तर समोरासमोर सुनावणीची संधी द्यावीच लागते. निर्णयाबरोबर कोणता नियम, नेमकं काय घडलं आणि एवढीच शिक्षा का, हे सांगणारी चित्रफीत प्रसिद्ध होते. तू वहीत चार ओळी लिहिल्यास तरी पुरे: काय घडलं, मुलगा काय म्हणाला, कोणता नियम, काय शिक्षा. त्याच दिवशी ऐकायचं, दुसऱ्या दिवशी सांगायचं, आधी त्याला एकट्याला आणि मग संघाला. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच नाही. दाद मागायला तुझ्याखेरीज दुसरा एक माणूस नेम. तुझ्या निर्णयावर तुझ्याकडेच अपील होऊ शकत नाही.

आता बाक. तुझ्या चार पानांत बाकाबद्दल एक ओळ नाही, आणि सामने हरतात ते इथे. बर्फावर बदली चालू खेळात होते. बाहेर येणारा बाकापासून पाच फुटांच्या आत आला आणि खेळातून सुटला की नवा उतरू शकतो. त्याआधी उतरला आणि खेळात आला तर जादा खेळाडूची दोन मिनिटांची पेनल्टी, म्हणजे तेवढा वेळ संघ एका खेळाडूनं कमी. १९७९ च्या उपांत्य फेरीत, मॉन्ट्रियलविरुद्धच्या सातव्या सामन्यात, बोस्टन शेवटच्या मिनिटांत ४-३ नं पुढे होतं. तेवढ्यात ही पेनल्टी बसली, मॉन्ट्रियलच्या गी लाफ्लरनं बरोबरी साधली आणि जादा वेळेत मॉन्ट्रियल जिंकलं. असं होतं कारण दोघांना वाटतं, बाहेर येणाऱ्याच्या जागी मीच. उपाय साधा आहे. माणसाच्या नावानं बदली करायची नाही, जागेच्या नावानं करायची. 'डावा!' असं बाहेर येणारा ओरडतो, डाव्या जागेचा ठरलेला पुढचा खेळाडू तोच शब्द परत ओरडून उतरतो, बाकीचे बसून. एनएचएलच्या बाकावर साधारणपणे एक सहायक बचावफळीच्या बदल्या बघतो, दुसरा आघाडीच्या. तुमच्याकडे रिंकवर चार आणि गोली (गोलरक्षक), म्हणून बदली पुकारणारा एकच हवा, आणि तो तू नसावास. दर सरावाच्या शेवटी दहा मिनिटं फक्त बदल्या कर. मुलं कंटाळतील, कंटाळू देत.

संघाची यादी मात्र तुझंच काम. एनएचएलमध्ये १८ खेळाडू आणि २ गोली यांची नावं सामन्याआधी द्यावी लागतात. नाव सुटलं तर गणवेश घालून बसलेला माणूसही खेळू शकत नाही. यादी एकानं लिहायची, दुसऱ्यानं अंगावरचे नंबर बघून ताडायची. कागदावरून कागद ताडलास तर चूक तशीच उतरते.

पंचांशी फक्त कप्तान बोलेल, तोही नियमाच्या अर्थाबद्दल. निर्णय कसा चुकीचा होता यावर नाही. गोलीला कप्तान करू नकोस, तो प्रत्येक वेळी गोल सोडून पंचांकडे येऊ शकत नाही. एनएचएलच्या नियमात त्याला मनाईच आहे. व्हँकूव्हरनं २००८ मध्ये रॉबर्टो लुओंगोला कप्तान केलं तेव्हा पंचांशी बोलायचं काम दुसऱ्यांवर सोपवावं लागलं होतं.

डोक्याला मार लागला तर खेळवायचं की नाही हे तू किंवा प्रशिक्षक ठरवणार नाही. डॉक्टर नसेल तर मुलगा त्या दिवशी परत उतरत नाही, कितीही म्हणाला 'मी बरा आहे' तरी.

आणि तुझ्या यादीत मॅनेजर, प्रशिक्षक, पदाधिकारी यांच्यासाठी एकही कलम नाही. प्रशिक्षक माइक बॅबकॉकनं टोरंटोच्या संघात एका नवख्या खेळाडूला सहकाऱ्यांची मेहनतीप्रमाणे क्रमवारी लावायला सांगितली आणि ती इतरांना कळू दिली. पुढे कोलंबसच्या संघात खेळाडूंच्या फोनमधले फोटो दाखवायला सांगितल्यावरून वाद झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मोसमातला एकही सामना न होता त्याला पद सोडावं लागलं. तेव्हा तुझं 'मोबाइल तपासणी' हे कलम फाड. फोन पिशवीत ठेवायला सांग, उघडायला नको.

त्याहून गंभीर प्रकरण शिकागोच्या संघाचं. २०१० मध्ये एका खेळाडूनं संघाच्या व्हिडिओ प्रशिक्षकाविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. वरिष्ठांनी बैठक घेतली, पण अंतिम फेरी तोंडावर होती म्हणून सुमारे तीन आठवडे काहीच केलं नाही. २०२१ मध्ये चौकशी अहवाल बाहेर आला, जनरल मॅनेजरला पद सोडावं लागलं, क्लबला २० लाख डॉलर दंड झाला. आपल्याकडे तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अठराखालच्या मुलाबाबत असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरवलाय. 'आधी क्लबमध्ये चौकशी करू' ही पळवाट त्यात नाही. म्हणून लेखी ठरव: तक्रार कोणाकडे करायची त्या दोन माणसांची नावं, त्यांतली एक बाई आणि एक जण क्लबबाहेरचा, खाली १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक. कोणीही मोठा माणूस मुलासोबत बंद खोलीत एकटा थांबणार नाही, प्रवासातही नाही. हा कागद कपडे बदलायच्या खोलीत आतून लाव, पालकांच्या सह्या घे, आणि मगच पहिल्या सरावाची तारीख कळव.

तुझा,
सर