वहीतला पाऊस वाढला, पण बाबांचे म्हणणे वेगळे

प्रश्न : काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. बाबांनी १९७२ पासून रोजचा पाऊस मोजून वहीत लिहिला. २०२१ पर्यंतची पन्नास वर्षे माझ्याकडे आहेत. वार्षिक बेरजा एक्सेलमध्ये घालून सरळ रेषा काढली, तर ती वर चढते. बाबा म्हणतात, पाऊस वाढला नाही, त्याची रीत बदलली. मॅडम, खरे काय धरायचे? — एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमची नोंद १९७२ ला सुरू होते, म्हणजे दुष्काळाच्या वर्षी. सरळ रेषा बसवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत पहिल्या आणि शेवटच्या वर्षांचा जोर सर्वांत जास्त असतो. सुरुवातीलाच खूप कोरडे वर्ष आले की रेषेचे डावे टोक खाली ओढले जाते आणि रेषा चढती दिसते. ते वर्ष वगळून पाहता येईल, पण मग कोणते वर्ष ठेवायचे आणि कोणते नाही, हे आपल्या मर्जीवर जाते. ते मला पटत नाही.

म्हणून पावसासाठी मान-केंडाल कसोटी वापरा. हेन्री मान यांनी ती १९४५ मध्ये मांडली. कोणतीही दोन वर्षे घ्या : नंतरचे वर्ष आधीच्यापेक्षा ओले की कोरडे, एवढेच ती विचारते. किती मिलिमीटरने, हे विचारत नाही. पन्नास वर्षांच्या १,२२५ जोड्या होतात. नंतरचे वर्ष ओले असेल तर अधिक एक, कोरडे असेल तर उणे एक, आणि शेवटी बेरीज. पाऊस नुसता वरखाली होत असेल तर बेरीज शून्याच्या आसपास राहते. पाच टक्क्यांच्या पातळीवर, म्हणजे नुसत्या योगायोगाने फसण्याची शक्यता पाच टक्क्यांवर ठेवून, कल मानायचा, तर ती साधारण २३६ च्या पुढे जायला हवी. म्हणजे सुमारे ७३० जोड्या एका बाजूला आणि ४९५ दुसऱ्या. १९७२ साल यात ४९ जोड्यांपुरतेच येते. ते कितीही कोरडे असो, याहून जास्त ओढ त्याला लावता येत नाही. बदलाचा वेग हवा असेल तर प्रणवकुमार सेन यांची १९६८ ची रीत आहे : प्रत्येक जोडीत दरवर्षी किती फरक पडला, तो उतार काढायचा आणि त्या सगळ्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्यायचा.

मात्र यातले काहीही करण्याआधी बाबांजवळ वही घेऊन बसा. पर्जन्यमापक पन्नास वर्षे एकाच जागी होता का? कधी अंगणातून गच्चीवर गेला का? गच्चीवर वारा जास्त, त्यामुळे मापकात पाऊस कमी पडतो. बाजूला गोठा उभा राहिला का, बागेतली झाडे उंच झाली का? आडोशाच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर मापकापासून मोकळे लागते. वहीतल्या कोऱ्या जागाही विचारून घ्या. बाबा लग्नाला परगावी गेले असतील, तर त्या दिवसाचा पाऊस शून्य नव्हे, तो माहीत नाही. एक्सेलमध्ये तिथे शून्य पडले तर पुढचे सगळे गणित वाया जाते.

मग काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर इथल्या तहसीलच्या नोंदी मिळवा. त्यांच्या सरासरीची वर्षागणिक वाढत जाणारी बेरीज आडव्या अक्षावर घ्या, तुमच्या वहीची उभ्या अक्षावर. पाऊस सगळीकडे सारखाच बदलत असेल तर रेषा साधारण सरळ जाते. एखाद्या वर्षापासून ती कायमची वळली, तर तो बदल आधी तुमच्या अंगणात शोधा. अचानक झालेल्या अशा बदलाचे वर्ष हुडकायला १९७९ ची पेटिट कसोटीही आहे, पण तिने वर्ष सांगितले तरी कारण बाबाच सांगतील.

आता बाबांचे म्हणणे. पावसाची रीत बदलली का, हे वर्षाच्या बेरजेला विचारून कळणारच नाही. बेरीज तीच राहूनही पाऊस कमी दिवसांत कोसळू शकतो. तुमच्या वहीत रोजचे आकडे आहेत, आणि तीच तिची खरी श्रीमंती आहे. त्यातून दरवर्षीचे तीन आकडे काढा : २.५ मिलिमीटर किंवा जास्त पावसाचे दिवस, ६४.५ किंवा जास्तीचे, म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत जोरदार पावसाचे दिवस. आणि जून-जुलैतला सर्वांत लांब खंड. तिसरा आकडा बागाईतदाराचा. मृग बहाराला, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याला, झाडांना दिलेला पाण्याचा ताण तोडायला वेळेवर पाऊस लागतो, तो पडून पुन्हा दडी मारली तर फुलोऱ्याचे हाल होतात. या तिघांवर वेगवेगळी मान-केंडाल लावा. पण कोणते आकडे तपासणार, हे आकडे बघण्याआधी ठरवून लिहून ठेवा. वीस गोष्टी तपासल्या तर एखादी निव्वळ योगायोगानेही 'बदलली' असे दाखवते.

बाबांच्या बाजूने एक भक्कम गोष्ट आहे. हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारताचा १९५१ ते २००० चा रोजचा पाऊस तपासला. मोसमी पावसाच्या सरासरीत ठळक बदल नव्हता. पण जोरदार पावसाच्या घटना वाढल्या होत्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या होत्या. हे त्यांना दिसले ते विस्तीर्ण प्रदेशातल्या नोंदी एकत्र केल्यामुळे. एका मापकावर असे दिवस वर्षाला मोजकेच येतात. तेव्हा तुमच्या वहीत कल सापडला नाही, तर 'बदल झाला नाही' असे बाबांना सांगू नका. या एका वहीवरून तो सिद्ध होत नाही, एवढेच सांगा.

प्रश्न : सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरात पूर आला, अंबाझरी तलावाचे पाणी वस्त्यांत घुसले. पाऊस बदलल्याचा हा पुरावा नाही का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : एका घटनेवरून कल ठरत नाही. शिवाय २३ तारखेच्या पहाटे जे झाले, ते काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडल्यामुळे झाले. रोजची नोंद सकाळी साडेआठ ते साडेआठ अशी चोवीस तासांची असते. तिथे चार तासांत पडलेले शंभर आणि दिवसभर रिपरिपत पडलेले शंभर सारखेच लिहिले जाते. शहरी पुरासाठी तासागणिक नोंदी तपासायला हव्यात, आणि नाग नदीच्या काठावरचे बांधकामही त्याच जोडीने. तासांच्या नोंदी ठेवणारे मापक शहराच्या प्रत्येक भागात असावेत, ही मागणी नागपूरकरांनी महापालिकेकडे लावून धरायला हवी.